क्रॅबट्रींच्या स्टील गिटारचं मूल्यमापन

डेल्मर यॉकमच्या तळघरातला गरम पाण्याचा बंब फुटला नसता, तर आपल्या स्टील गिटारची किंमत किती हा प्रश्न वेंडेल क्रॅबट्रीला मरेपर्यंत पडला नसता, आणि माणूस सुखाने मेला असता. पण बंब फुटला. डेल्मर हा क्रॅबट्रींचा अगदी लागून राहणारा शेजारी. त्याच्या तळघरात गुडघाभर पाणी साचलं आणि त्यात अठ्ठावीस मासेमारीचे गळ, पेंढा भरलेली तीन बदकं आणि सासूचा पियानो असा ऐवज बुडाला. विमा कंपनीने पियानोचे पैसे दिले, कारण पियानो यादीत होता. गळांचे आणि बदकांचे दिले नाहीत. पियानो बुडाला याचं डेल्मरला मनातून समाधानच होतं. पण ज्या वस्तूचं दुःख तिचा पैसा नाही आणि जिच्या नावाने दिवाळी करावी तिचा मात्र मिळतो, हा न्याय त्याला पचेना.

"यादीत नाही ते जगात नाही," कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला. "वेंडेल, तुझं ते इस्त्रीचं टेबल आहे का यादीत?"

इस्त्रीचं टेबल म्हणजे गिटार. पेडल स्टील ज्यांनी पाहिलेली नाही अशांपैकी निम्म्यांना ती इस्त्रीचं टेबल वाटते आणि उरलेल्यांना शिवणयंत्र. चार पायांवर उभी असते. वर दहा-दहा तारांचे दोन पट्टे, एक पलीकडचा, एक वाजवणाऱ्याच्या पोटाशी, अलीकडचा. खाली आठ पेडलं, गुडघ्यांनी ढकलायच्या पाच दांड्या. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत गज, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. एवढं सगळं सांभाळून माणूस शेवटी जो आवाज काढतो तो गळा दाटून आलेल्या बाईचा असतो. टेनेसीत या आवाजाशिवाय लग्न लागलेलं वाटत नाही आणि घटस्फोट झाल्यासारखा वाटत नाही.

वेंडेलने ही गिटार नवी करकरीत घेतलेली. अलाबामातला एक म्हातारा यंत्रकार आपल्या शेडमध्ये वर्षाला डझनभर गिटारी बनवायचा, त्याच्याकडे नाव नोंदवून चौदा महिने वाट पाहिली आणि बावीसशे डॉलर मोजले. क्रॅबट्री कुटुंबाची तेव्हाची मोटारही एवढ्याची नव्हती. बायको, ओलेटा, चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, आणि वेंडेलला आधीचे चार दिवस बरे वाटले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं, दर शुक्रवारी संध्याकाळी, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये 'सीडर फोर्क बॉइज' या वाद्यवृंदात तो वाजवत आला होता. बॉइजचं सरासरी वय आता अडुसष्ट.

खरी गंमत पुढेच. वेंडेलने उभा जन्म हॅरल काउंटीच्या मालमत्ता मूल्यमापन कचेरीत काढला होता. एकतीस वर्षं लोकांच्या घरांच्या किमती ठरवल्या. रस्त्यावरून मोटार हळू चालवत तो ओळखायचा, की या घरात यंदा स्वयंपाकघर नवं केलंय. त्यामुळे त्याला वास्तुशांतीची आमंत्रणं येत नसत. शेजारीपाजारी नवा झोपाळा घेतला तरी त्याच्यावर ताडपत्री टाकत. अशा माणसाला स्वतःच्या एका वस्तूपुढे आकडा लिहायचा होता, आणि तो लिहिता येईना.

विमा एजंट डार्ला हचिन्स म्हणाली, "नुसता आकडा चालत नाही, मिस्टर क्रॅबट्री. जाणकाराचा कागद जोडा."

"मी एकतीस वर्षं जाणकारच होतो."

"घरांचे. आणि आपल्या मालाचा भाव आपणच लावायचा म्हटलं, तर माझ्या नवऱ्याची होडी जहाज होईल."

मग सल्ले सुरू झाले. गावात कोणी कोणाला उसने पैसे देत नाही, पण सल्ला मागण्याआधी घरपोच मिळतो. डेल्मर म्हणाला, तीनशे. लाकूड जरा जाड आहे म्हणून. पाद्रीबाई म्हणाल्या, किंमत कशाला हवी, चर्चला दान करून टाका, आमची लहान मुलं त्यावर रंगकाम करतील. वाद्यवृंदातला ढोलवाला हॉइट म्हणाला, "दहा हजार! एक डॉलर कमी सांगितलास तर माझ्याशी बोलू नकोस. टेक्सासमध्ये माझ्या मावसभावाने अशीच विकली." नंतर चौकशीत कळलं, मावसभावाने विकला तो घोडा.

गहाणवटीच्या दुकानातल्या बाईने गिटारीभोवती एक फेरी मारली, एक पेडल दाबलं आणि विचारलं, "वीज कुठून जोडायची?"

"ही वाजवावी लागते," वेंडेल म्हणाला.

"अरे देवा," ती म्हणाली. "मग अडीचशे. पेटीसकट पावणेतीनशे."

घरी आल्यावर ओलेटाने विचारलं, "काय म्हणाली?" त्याने सांगितलं. ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तू लोकांच्या शेडची किंमत लावायचास तेव्हा असा दारोदार विचारत हिंडायचास का रे?" वेंडेलने उत्तर दिलं नाही. खऱ्या प्रश्नांना उत्तर न देण्याचं शिक्षण त्याला कचेरीत मिळालं होतं.

शेवटी कोणीतरी अझेल टिडवेलचं नाव सांगितलं. नॅशव्हिलच्या उत्तरेला याचा कारखाना. आयुष्यभर स्टील गिटारी दुरुस्त केलेला माणूस. मोठमोठे वादक आपली वाद्यं बायकोच्या स्वाधीन करणार नाहीत पण टिडवेलच्या करतील. वेंडेलने आठवडाभर एक चीज घोटून तयार केली. टिडवेल 'वाजवून दाखवा' म्हणेल तेव्हा फजिती नको. नख्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. दीड तास मोटार हाकत गेला.

टिडवेलने गिटार उलटी केली. खालून बॅटरीने पाहिली, एक स्क्रू हलवून बघितला, कान जवळ नेऊन दोन तारा छेडल्या आणि कागद ओढला. 'वाजवून दाखवा' म्हणालाच नाही. वेंडेलने खिशातल्या नख्या दोनदा खुळखुळवल्या, टिडवेलला वाटलं सुटे पैसे आहेत, तो म्हणाला, "सुटे नकोत, दीडशे झाले, चेक चालेल." आणि सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं: किंमत साडेसहा हजार डॉलर.

साडेसहा हजार! वेंडेलने परतीच्या वाटेवर मोटार थांबवून तळलेला मासा खाल्ला, वर मक्याची पोळी, वर अक्रोडासारख्या पेकनची गोड पेस्ट्री. न वाजवलेल्या चिजेचं दुःख माशाबरोबर पोटात गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने वाचनालयात जाऊन त्या कागदाच्या बारा प्रती काढल्या. विम्याला एकच लागत होती. बाकीच्या अकरा कशासाठी, हे ज्याला कधी साडेसहा हजारांचा कागद मिळाला असेल त्यालाच समजेल. एक डेल्मरच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. एक गहाणवाल्या बाईला पोस्टाने पाठवली. एक सकाळच्या कॉफीच्या अड्ड्यावर टेबलावर चुकून राहून गेली.

तिथून ती गार्लंड मिम्सच्या हातात पडली.

गार्लंड हा एकेकाळी वेंडेलच्या हाताखालचा उमेदवार. त्याला वेंडेलने एकदा कोंबड्यांचं एक खुराडं तीन वेळा मोजायला पाठवलं होतं, आणि चौथ्या वेळी सगळ्या कचेरीदेखत म्हटलं होतं, "पोरा, यापेक्षा कोंबड्यांनी अचूक सांगितलं असतं." तो आता निवडून येऊन काउंटीचा मुख्य मूल्यमापक झाला होता. माणूस वाईट नव्हता. पण खुराडं विसरला नव्हता.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. 'व्यवसायार्थ वापरात असलेली जंगम मालमत्ता: वाद्य, एक. मूल्य: साडेसहा हजार. कर: चोपन्न डॉलर साठ सेंट, दरसाल.' पुराव्यादाखल टिडवेलच्या कागदाची प्रत, आणि कपडे धुण्याच्या दुकानातल्या फळ्यावरून काढलेलं वेंडेलचं कार्ड: 'वेंडेल क्रॅबट्री, स्टील गिटार. लग्न, स्नेहसंमेलन, अंत्यविधी. माफक दर.' वेंडेलला झोंबलं ते वेगळंच. नोटिशीचा मसुदा त्याचा स्वतःचा होता. 'आपणांस हरकत असल्यास ती विहित मुदतीत नोंदवावी, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल' हे वाक्य त्याने तीन रात्री जागून घडवलं होतं, आणि ते वाचताना लोकांना काय वाटत असेल याचा विचार त्याने एकही रात्र केला नव्हता.

तो तडक कचेरीत गेला.

"गार्लंड, लेका, हा काय चावटपणा?"

"बसा, वेंडेल." पूर्वी तो 'सर' म्हणायचा. "नियम तुम्हीच शिकवलात. जिथे पैसे येतात तिथे धंदा."

"अरे, शुक्रवारचे चाळीस डॉलर मिळतात! आणि बार्बेक्यूची एक प्लेट!"

"प्लेट उत्पन्नात धरायची का, तेच बघतोय मी," गार्लंड म्हणाला आणि त्याने खरंच पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं.

आता खरं सांगायचं तर वेंडेलला राग आला होता, पण त्या रागाच्या तळाशी कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. काउंटीने, शिक्क्यासकट, त्याला धंदेवाईक वादक ठरवलं होतं! अठ्ठावीस वर्षांत जे कोणी म्हणालं नाही ते सरकार म्हणत होतं, आणि वर्षाला फक्त चोपन्न डॉलर साठ सेंट मागत होतं. तो परत येताना मोटारीत शीळ घालत आला. त्याने चेकही लिहिला.

तो पोस्टात पडायच्या आधी डार्लाचा फोन आला. नोटिशीची बातमी तिच्याही कानावर गेली होती. धंद्याची वस्तू घराच्या विम्यात बसत नाही. वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल, वर्षाला चारशे दहा.

"धंदा नाही म्हणून सांग त्यांना," ओलेटा म्हणाली.

"पण काउंटी म्हणते आहे."

"काउंटीला ऐकू येतं का? मी तीस वर्षं ऐकतेय. जा, सांग, धंदा नाही."

तिने खरं तर ऐकलं नव्हतं. तो मागच्या खोलीत दार लावून रियाज करायचा आणि ती टीव्हीचा आवाज वाढवायची, असा त्यांचा समजूतदार संसार होता. पण चारशे दहा डॉलरपुढे वेंडेलचा कलावंत नमला आणि त्याने अपील केलं.

सुनावणी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर. अपील मंडळाचे पाच सदस्य, अध्यक्षा मिसेस नोव्हेला ग्रीअर, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. या मंडळापुढे वेंडेल शेकडो वेळा काउंटीच्या बाजूने उभा राहिला होता. टेबलाच्या या बाजूची खुर्ची लंगडते, हे त्याला इतक्या वर्षांत प्रथमच कळलं. साक्षीला त्याने हॉइट ढोलवाला आणि वाद्यवृंदाचा गायक बफर्ड यांना आणलं होतं. दोघांनीही टाय लावले होते. वेंडेलने त्यांना बजावलं होतं, "एवढंच सांगायचं, की हा आपला हौसेचा मामला आहे." मित्र जिवाभावाचे. त्यांनी काम अंगाबाहेर टाकलं नाही.

"बाई, शपथेवर सांगतो," हॉइट उठून म्हणाला, "वेंडेल पैशासाठी वाजवतो असं ऐकणाऱ्याच्या मनातसुद्धा यायचं नाही."

"म्हणजे?" मिसेस ग्रीअरनी चष्मा वर केला.

"म्हणजे पैसे घेणारा माणूस जरा बघून वाजवतो ना, बाई. वेंडेलचं तसं काही नाही. निर्मळ माणूस."

"लोक त्यांना मुद्दाम मागवतात का? नाव घेऊन?"

"छे," हॉइट म्हणाला.

"एकदा घेतलं होतं नाव," बफर्ड म्हणाला. वेंडेलने मान वर केली. त्याला हे ठाऊक नव्हतं. "रिडलीच्या मुलीच्या लग्नात. मुलीचा बाप माझ्याजवळ येऊन म्हणाला, त्या वेंडेलला जरा हळू वाजवायला सांगा, वीस डॉलर वर देतो."

"दिले?"

"दिले. चौघांनी पाच-पाच वाटून घेतले. वेंडेललाही दिले, बाई. हिशेबाला आम्ही चोख. कशाचे ते तेवढं सांगितलं नाही."

दोन सदस्य एकदम खोकले. वेंडेलला ते पाच डॉलर आठवले. त्याने ओलेटासाठी फुलं नेली होती त्यांची, आणि 'खूश होऊन दिले लोकांनी' असं सांगितलं होतं.

मग गार्लंड उठला. काउंटीची बाजू मांडायची तर वेंडेल पट्टीचा वादक आहे हे सिद्ध करणं त्याला भागच होतं, आणि तो तयारीने आला होता. "मंडळाच्या परवानगीने," तो म्हणाला, "माझ्या मते श्री. क्रॅबट्री हे उत्तम वादक आहेत. माझ्या स्वतःच्या लग्नात त्यांनी वाजवलं. माझी आई रडली होती. अशा दर्जाच्या कलावंताला हौशी म्हणणं हा त्यांचा अपमान होईल."

अठ्ठावीस वर्षांत वेंडेलच्या वाजवण्याबद्दल कोणीही उच्चारलेलं हे सर्वांत सुंदर भाषण होतं, आणि ते विरुद्ध पक्षाने केलं होतं.

"श्री. क्रॅबट्री," मिसेस ग्रीअर म्हणाल्या, "हे आपल्याला मान्य आहे?"

वेंडेलने गार्लंडकडे पाहिलं. गार्लंडच्या चेहऱ्यावर सूड नव्हता, हेच वाईट होतं. बिचारा मनापासून बोलला होता.

"नाही," वेंडेल म्हणाला.

"जरा मोठ्याने आणि पूर्ण वाक्यात. नोंद व्हायची आहे."

"मी," वेंडेल म्हणाला, "मी उत्तम वादक नाही."

"धन्यवाद," मिसेस ग्रीअर म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

निकाल पाच विरुद्ध शून्य असा लागला. 'सादर पुरावा, साक्षीदारांचे कथन व अर्जदाराची स्वतःची कबुली विचारात घेता, सदर वादन हे व्यवसाय या संज्ञेस पात्र नाही, असे हे मंडळ एकमताने ठरवीत आहे.' हॉइटने वेंडेलच्या पाठीत थाप मारली, "जिंकलो की नाही!" आणि त्याला हॅमबर्गर खायला नेलं. बफर्डने त्याचे उरलेले बटाटेही खाल्ले. गुरुवारच्या साप्ताहिकात आतल्या पानावर, हरवलेल्या गाईच्या खाली, दोन ओळी होत्या: 'क्रॅबट्री यांचे वादन म्हणजे व्यवसाय नव्हे. अपील मंडळाचा निर्वाळा.' डेल्मरने ते कात्रण कापून, अभिनंदन असं लिहून, दाराच्या फटीतून आत सरकवलं.

आणि विमा? डार्लाने निकालाची प्रत फाइलला लावली आणि कळवलं, की आता वस्तू हौसेची ठरली, फार चांगलं झालं. हौसेच्या वस्तूंना जास्तीत जास्त सातशे डॉलर मिळतात.

त्या शुक्रवारी वेंडेल हॉलवर गेला नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं. पुढच्या शुक्रवारी कंबर धरली. तिसऱ्या आठवड्यात बफर्डचा फोन आला तेव्हा वेंडेलचं काळीज जरा हललं. पण बफर्डला विजेची लांब वायर हवी होती, ती वेंडेलच्या मोटारीत राहिली होती. "कसं चाललंय?" वेंडेलने विचारलं. "मस्त," बफर्ड म्हणाला. "तुझी ती गिटार होती तिथली जागा मोकळी झाली ना, आणखी दोन जोडपी नाचतात."

वेंडेलने फोन ठेवला आणि ओलेटाला सांगितलं, की गिटार विकायची. तिने टीव्हीवरची नजर काढून त्याच्याकडे एकवार पाहिलं, म्हणाली, "बघ बाबा, तुझी वस्तू," आणि आवाज कमी केला. तो मोठा ठेवण्याचं कारण आता उरलं नव्हतं.

जाहिरात दिली. एकाने गवत कापायच्या ट्रॅक्टरच्या बदल्यात मागितली, ट्रॅक्टरला चाक एक कमी. एकाने कुठल्यातरी बेटावरून लिहिलं, की साडेआठ हजारांचा चेक पाठवतो, वरचे दोन हजार माझ्या आजारी भावाला पाठवा. एकजण नुसताच येऊन बसला, दोन तास स्वतःच्या घटस्फोटाबद्दल बोलला आणि सरबत पिऊन गेला. मग केंटकीहून रोएना पेटिटचा फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा. शाळेची बस चालवून निवृत्त झाले, म्हणाली, आणि रविवारी जेवणानंतर येते.

ती आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, पायांत पुरुषी बूट. बूट दाराशीच काढले, मोजेही काढले. "पेडलं अनवाणी पायाला कळतात मला," ती म्हणाली. गिटारीपुढे बसायच्या आधी जमिनीवर आडवी झाली आणि बॅटरी लावून खालून बघत राहिली, बराच वेळ. वेंडेल तिच्या तळव्यांकडे बघत उभा.

"वाजवायचं कोण ही?" खालून आवाज आला.

"मीच."

"नाही, दर आठवड्याला वगैरे कोण वाजवायचं?"

"मीच. अठ्ठावीस वर्षं."

खाली बॅटरी थांबली. मग रोएना बाहेर आली, गुडघे झटकून उभी राहिली आणि तिने अलीकडच्या पट्ट्यावर हात फिरवला. त्याच्या मधोमध पॉलिश उडून ओंजळभर जागा फिकी झाली होती.

"इथे मनगट टेकायचात?"

"हो," वेंडेल म्हणाला. "पलीकडच्या पट्ट्यावर वाजवताना. हा अलीकडचा फारसा लागायचा नाही. आमच्या गाण्यांना."

"हं," रोएना म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती आणि क्रूरही नव्हती. दोन्हींपैकी काही असती तर वेंडेलला सोपं गेलं असतं. "मनाला लावून घेऊ नका, मिस्टर क्रॅबट्री. मी स्वतः तीन गिटारी घासून घासून संपवल्या. त्यांची आता कोणी हजारही देणार नाही. अशी सापडत नाही कुठे. तीन पेडलं थोडी झिजलीत, बाकी पाचांना बनवणाऱ्याच्या हातचं तेलसुद्धा तसंच आहे. अलीकडचा पट्टा तर कोरा. नुसता शर्टाच्या बाहीने घासलाय. टिडवेलने साडेसहा लावले म्हणता? त्याचं वय झालं. मी सात देते."

म्हणजे त्याने न वाजवल्याची किंमत पाचशे डॉलर जास्त होती. वेंडेल म्हणाला, "मेहेरबानी." दुसरं काय म्हणणार?

"आधी वाजवून बघू का?"

"बघा ना."

रोएनाने नख्या चढवल्या, गज उचलला आणि अलीकडच्या पट्ट्यावर ठेवला. गाणं कुठलं ते वेंडेलला कळलं नाही. आधी खालचे जाड सूर आले, सावकाश, एकमेकांना जागा करून देत. मग तिच्या उघड्या पायाने पाचवं पेडल दाबलं, सहावं दाबलं, आणि ते सूर एकदम आतून उमलल्यासारखे वेगळेच झाले. रडणं कुठेच नव्हतं त्यात. कोणीतरी पुष्कळ सोसून शेवटी मजेत चालायला लागलं होतं. वेंडेल ज्या पेडलांवरून आठवड्याला फक्त फडकं फिरवत होता ती वर-खाली होत होती, आणि खोलीतल्या कपाटाच्या काचा बारीक गुणगुणत होत्या.

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं.

ओलेटा दारात आली. हातात ताट पुसायचं फडकं. ती आत आली आणि सोफ्याच्या हातावर बसली, जिथे बसल्याबद्दल तिने आपल्या नातवंडांना मारलं होतं. ती बसून राहिली. एक गाणं संपलं, रोएनाने दुसरं घेतलं, मग तिसरं. ओलेटाने फडक्याने डोळे टिपले, ते ओलं होतं म्हणून पुन्हा बाहीने टिपले.

थांबल्यावर तिने विचारलं, "हा आवाज... याच्यातलाच?"

"याच्यातलाच, बाई," रोएना म्हणाली. "इथेच होता."

ओलेटाने वेंडेलकडे पाहिलं नाही. तेवढी दया तिने केली. ती आत गेली आणि चर्चच्या जेवणासाठी केलेला पीचचा गोड पदार्थ मोडून रोएनाला बशीभर घेऊन आली, वर आइस्क्रीम घालून. "आणखी एक वाजवा," म्हणाली, "घाई नसेल तर." घाई नव्हती. चाळीस मिनिटं वाजवलं तिने. वेंडेल उभाच होता. मध्येच कोणीतरी त्याला बस म्हणेल असं त्याला वाटत होतं.

मग गिटार सुटी करून पेटीत भरली. सत्तर पौंडांची पेटी, एक कडी वेंडेलने धरली, एक रोएनाने, आणि पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "सांभाळून, तुमची कंबर." पेटी मोटारीत ठेवल्यावर तिने टपावर चेकबुक टेकून चेक लिहिला, हात मिळवला, बूट घातले. मोजे मात्र घालायचे विसरली. ते दारातच राहिले. ओलेटा धावत जाऊन ते खिडकीतून देऊन आली.

मोटार वळणाआड गेली. दोघं व्हरांड्यात उभी राहिली. डेल्मर कुंपणापलीकडून ओरडला, "कितीला गेलं रे?" वेंडेलने हात हलवला, त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

"सात हजार," तो ओलेटाला म्हणाला. "बावीसशेला घेतली होती. तिपटीहून जास्त."

"हो का," ओलेटा म्हणाली. ती रस्त्याकडे बघत होती. "किती लांब राहते म्हणाली ती?"

"तीन तास असेल."

"विचारून ठेवायला हवं होतं. कधी या बाजूला आली तर गिटार घेऊनच ये म्हणावं. जेवायलाच थांब म्हणावं. कोंबडी करीन."

"चेकवर तिचा पत्ता छापलाय," वेंडेल म्हणाला.

"मग दे की."

त्याने खिशातून चेक काढून दिला. ओलेटाने दारामागच्या दिनदर्शिकेशी बांधलेली पेन्सिल ओढली, चष्मा लावला, आणि कोपऱ्यातला पत्ता एकेक अक्षर तपासून उतरवून घेतला; रस्ता, गाव, पोस्टाचा आकडा. दुसऱ्यांदा वाचून खात्री केली. मग रकमेकडे नजरही न टाकता चेक त्याला परत दिला आणि बशी उचलायला आत गेली.